साध्या मजकुरात

कायानी, १४ जानेवारी २०२३

ती. मार्युतताईस,
इल्पोचा शि. सा. न. वि. वि.

कागदावर लिहितोय म्हणून हसू नकोस. गेल्या आठवड्यात तुला दोन मेल पाठवले. दोन्ही तुझ्या कचरापेटीत पडले असणार. तुझं मला पोचतं, कारण तुझा पत्ता माझ्या यादीत आहे. माझं मात्र कुणालाच पोचत नाही, कारण माझं मेलचं टपालघर माझ्या तळघरात आहे आणि बड्या कंपन्यांना तळघरातल्या माणसाचा वास येतो. सत्तावीस वर्षं ते यंत्र मी चालवतोय. कुणाला एक जाहिरात पाठवली नाही की कुणाचं पत्र चोरून वाचलं नाही. तरी चोर मीच.

चौऱ्याऐंशी साली मी कमोडोर संगणक घरी आणला तेव्हा तू म्हणाली होतीस की हे खेळणं उन्हाळ्यातल्या जुहानुसच्या सणापर्यंत माळ्यावर जाईल. ते आजही चालतं, कालच लावून पाहिलं. तेव्हा आम्ही संगणक क्लबातले एकमेकांना प्रोग्रामच्या कॅसेटी पाठवायचो, पाकिटात घालून, आणि त्या पोचायच्या. आता साऱ्या जगाला तारा जोडल्यात आणि कायानीहून राउमाला चार ओळी जात नाहीत. वैताग आलाय नुसता.

खरं विचारायचंय ते वेगळंच. साइला तुला लिहिते का? कारीना वारली, आणि आईच्या मागे पोरीने माझ्या टपालघरातला पत्ता सोडला आणि दुसरीकडे कुठे घेतला तो कळवला नाही. घरही बदललं म्हणे. अडीच वर्षांत एक ओळ नाही. फोन उचलत नाही. उचलला असता तरी मी काय बोललो असतो म्हणा, पण वाजवतो तरी. नाताळात तिच्या ऑफिसच्या पत्त्यावर लिहिलं, तेही कंपनीने गिळलं असणार. तिला एवढंच सांग की कचरापेटी उघडून बघ.

तुझ्या गुडघ्याची काळजी घे. लोभ आहे तो तसाच ठेव, वाढवलास तरी हरकत नाही.

तुझा,
इल्पो

◆

राउमा, २९ जानेवारी २०२३

चि. इल्पोस,
मार्युतचे अ. उ. आ.

पत्र मिळालं. पोस्टमनने हातात दिलं, त्याला तुझा वास आला नाही.

माझ्या संगणकाबद्दल आता तूच ऐक. तू बसवून दिलेलं ते लिनक्स छान आहे, फुकट नव्हे तर मोकळं आहे, हे तू मला इतक्यांदा सांगितलंस की झोपेतही म्हणेन. पण चर्चच्या गायकवृंदाने पाठवलेलं एकही गाणं त्यात उघडत नाही, आणि छपाईयंत्र तर त्याला शेजारच्या गावचं वाटतं. गेल्या रविवारी मी सगळ्यांसमोर चुकीचं कडवं गायले. मोकळेपणाचा हा असा उपयोग.

साइलाशी बोलले. तुझा निरोप दिला. ती म्हणाली की बाबाला काय सांगायचं होतं ते त्याने एकदा लिहून कळवलंय, आता कचऱ्यात काय शोधू. मी खोदून विचारलं, पण पोरगी तुझ्यावरच गेली आहे, दगड फोडला तर निदान ठिणगी तरी पडते.

इल्पो, तू तिला काय लिहिलं होतंस? मी थोरली आहे म्हणून विचारते, आणि थोरली आहे म्हणूनच खरं सांगायला हवंस. काही गोष्टी मला माहीत आहेत, पण तिने मला शपथ घातली आहे, त्या मी सांगणार नाही. तू आपण होऊन तिच्याकडे जावंस एवढंच म्हणते.

जपून राहा, आणि ताईवर माया कर, पण तिला संगणक शिकवू नकोस.

तुझी,
मार्युतताई

◆

कायानी, ११ फेब्रुवारी २०२३

ती. ताईस, सा. न. वि. वि.

मी तिला काहीही लिहिलेलं नाही. काहीही! पाठवलेली सगळी पत्रं माझ्याकडे आहेत, शहाण्णव सालापासूनची. पुन्हा सगळी चाळली. नोव्हेंबर वीसमध्ये वाढदिवसाच्या शुभेच्छा आहेत, ऑफिसच्या पत्त्यावर. नाताळची तीन आहेत. यात कुणाला राग यावा असा शब्द दाखव, मी सौनाच्या चुलीत घालतो सगळी यंत्रं.

तिच्या नव्या संगणकावरून मी बोललो होतो हे कबूल. अंत्यसंस्कारानंतरच्या कॉफीच्या वेळी बोललो हेही कबूल. पण तो चकाकता डबा बापाला न विचारता घेतला, आणि त्याचं झाकणसुद्धा मालकाला उघडता येत नाही, मग बोलू नको तर काय करू? त्यावरून कुणी अडीच वर्षं रुसतं का?

इकडे मी त्या मेलवाल्या कंपनीला तीन अर्ज केले की बाबांनो, माझी पत्रं का टाकता. तिन्ही वेळा त्याच मिनिटाला उत्तर आलं, शब्दन् शब्द तेच. खाली एका बाईचं नाव. बाईबिई कुणी नाही तिथे, यंत्र आहे. ताई, मला या सगळ्यात काय झोंबतं सांगू? माणसाने माणसाला लिहावं आणि उत्तर यंत्राने द्यावं, तेही माणसाची सही करून, याच्याइतका उद्धटपणा दुसरा नाही. आमच्या काळी असं कुणी केलं असतं तर क्लबातून हाकललं असतं.

गाणी कोणत्या प्रकारात येतात ते कळव, उपाय करतो. रागात लिहिलंय, पण माया कमी नाही, हे धरून चाल.

इल्पो

◆

राउमा, २४ फेब्रुवारी २०२३

चि. इल्पो, अ. उ. आ.

लास्कियाइनेनच्या सणाला साइला आली होती. मी बन केले होते, निम्मे बदामाचे, निम्मे जामचे, म्हणजे भांडण नको. तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं. ते ऐकून ती उठली आणि पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढून माझ्या हातात दिला. अडीच वर्षं तो तिने जपून ठेवलाय. तारीख ९ सप्टेंबर २०२०. मी जसाच्या तसा उतरवते:

“तुझं पत्र मी वाचलेलं नाही. त्यात रंग, सजावट किंवा चित्रं आहेत. असली पत्रं या घरात घेतली जात नाहीत. सांगण्यासारखं काही असेल तर साध्या मजकुरात लिही. तेवढे कष्ट घेण्याइतकं ते महत्त्वाचं नसेल, तर पाठवूच नकोस. – इल्पो.”

त्या दिवशी तिने तुला एक चित्र पाठवलं होतं रे. इस्पितळात पोटाचं काढतात ते, काळं-पांढरं. आई नाही, म्हणून पहिल्यांदा बापाला.

शपथ आता मोडते, मला देव काय ती शिक्षा देवो. तुला नात आहे. एप्रिलमध्ये दोन वर्षांची होईल. तिचं नाव कारीना. बाळ झालं तेव्हाही साइलाने तुला लिहिलं होतं, राग गिळून. त्यावर तर तू उत्तरही दिलं नाहीस.

हा कागद मी तीनदा वाचला. मला वाटलं होतं, हे तू लिहिलेलं नाही असं काहीतरी त्यात सापडेल. पण सूर तुझाच आहे, अगदी तुझाच. म्हणून विचारते: हे तू लिहिलंस का?

उत्तर ताबडतोब दे. आशीर्वाद आहेतच.

मार्युतताई

◆

कायानी, २८ फेब्रुवारी २०२३

ताई,

हो. मी लिहिलं. पण तिला नाही.

दोन हजार तीन साली लिहिलं ते. तेव्हा सगळ्यांच्या पत्रांत गुलाबी अक्षरं आणि नाचणारी मांजरं येऊ लागली होती. मी यंत्राला नियम घालून दिला: यादीत नसलेल्या माणसाने सजवलेलं पत्र पाठवलं, की त्याला ही समज द्यायची. त्याच माणसाचं पुन्हा तसंच आलं, तर उत्तर न देता टाकून द्यायचं. क्लबात वाचून दाखवलं तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. कॉफी सांडेपर्यंत हसलो होतो आम्ही. नंतर विसरून गेलो. यंत्र विसरलं नाही. साइलाचा जुना पत्ता यादीत होता, नवा नव्हता.

आपल्याकडे टपालवाल्यापासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांना ‘तू’च म्हणतात. एक ‘तुम्ही’ असतं तर पोरीला कळलं असतं की हे बापाचं नाही.

यंत्र आल्यागेल्याची नोंद ठेवतं, आणि मी नोंदी कधी पुसत नाही. शोधायला एक मिनिटही लागलं नाही. दोन ओळी आहेत. ९ सप्टेंबर २०२०, दुपारी दोन सात, एक चित्र, ३१२ किलोबाइट, समज दिली. १९ एप्रिल २०२१, सकाळी सहा चाळीस, दोन चित्रं, टाकलं. बस. पत्र नाही, नुसतं त्याचं वजन आहे. माझ्या पहिल्या कमोडोरच्या अख्ख्या पोटात चौसष्ट मावायचे. माझी नात पहिल्याच दिवशी त्याच्या पाचपट होती, आणि मी तिला दारातून परत पाठवलं.

जग माझी पत्रं टाकतं म्हणून मी तुझ्याकडे रडत होतो. माझी लाज वाटते मला.

नियम काढला. सगळे नियम काढले. आता जाहिराती येताहेत ढिगाने, येऊ देत. सोबत साइलासाठी चिठ्ठी आहे. पाच वेळा लिहिली, शेवटी दोनच ओळी उरल्या. तू हाताने दे. मधे कुठलंही यंत्र नको.

इल्पो

◆

वासा, १९ मार्च २०२३

बाबा, नमस्कार.

आत्याने चिठ्ठी दिली. नाताळची तुझी तिन्ही पत्रं ऑफिसच्या कचरापेटीत सापडली. शुभेच्छांचं नाही सापडलं, ते बहुतेक कायमचं गेलं.

ते उत्तर यंत्राने पाठवलं, हे मला पटलं. पण बाबा, शब्द तुझे होते. दुसऱ्या कुणाच्या बापाच्या नावाने असं उत्तर आलं असतं, तर ती मुलगी म्हणाली असती की काहीतरी घोटाळा आहे, आणि फोन केला असता. मला तसा संशयही आला नाही. मी लहानपणापासून तुला तसंच बोलताना ऐकलंय. याचा राग अजून आहे, आणि तो एका चिठ्ठीने जाणार नाही.

पहिल्या पत्रात काय लिहिलं होतं ते विचारू नकोस. ते पुन्हा लिहिता येणार नाही.

ईस्टरला आम्ही येणार नाही. एक मेला, व्हाप्पूच्या सणाला, तू इकडे ये. एकटा ये, कुठलाही संगणक न घेता, आणि इथल्या कशाचंही झाकण उघडायचं नाही. पत्ता पाकिटामागे आहे.

मागच्या पानावर कारीनाने तुझ्यासाठी काढलंय. ते काय आहे हे तिलाही माहीत नाही. लाल आहे, हिरवं आहे, आणि मधे बोटांनी चिकटवलेला कागद आहे. साधा मजकूर त्यात कुठेच नाही. परत पाठवू नकोस.

साइला