दुधाच्या बाटलीतली शेवंती

तोत्तोरी, जपान
१४ मे १९९६

ति. लॉर्नाताईस,
धाकट्या ग्लेनचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तुझ्या बेथनीच्या वर्गातल्या एका मुलाच्या दप्तरात पिस्तूल सापडलं आणि शाळेने उपाय म्हणून दारात धातू शोधणारं यंत्र बसवलं, हे वाचून आपल्या अमेरिकेबद्दल ऊर भरून आला. म्हणजे आता मुलांनी एकमेकांना मारायचं ते फाटकाबाहेर. शिस्त म्हणजे शिस्त.

इकडे मी इंग्रजी शिकवतो त्या शाळेत पोरं बूट काढून आत येतात, कमरेत वाकून नमस्कार करतात. दुपारी चार-चार बाकं जोडून पंगत बसते, वाढणारी तीच, नंतर फरशी पुसणारीही तीच. इतक्या वर्षांत इथे कुणी कुणाची गचांडी धरलेली मी पाहिली नाही. म्हणून पुन्हा सांगतो, बेथनीला वर्षभर माझ्याकडे पाठव. जीव मुठीत धरून गणितं सोडवायचं तिचं वय नाही.

सोबत जेवणाच्या सुट्टीतला एक फोटो आहे. पुढे बसलेली मिझुहो, फार अबोल पोर. तिच्या बाकावर कुणीतरी रोज सकाळी दुधाच्या रिकाम्या बाटलीत पांढऱ्या शेवंतीचं ताजं फूल ठेवतं. मी सगळ्या वर्गाचं कौतुक केलं. म्हटलं, माझ्या देशात मुलं दप्तरात पिस्तूल आणतात आणि तुम्ही मैत्रिणीसाठी फूल आणता. सगळ्यांकडून टाळ्याही वाजवून घेतल्या. मुलं खाली मान घालून हसत होती. काय हा विनय!

भाओजींना नमस्कार. धाकट्यावर माया असावी, नसली तर निदान त्याचं ऐकावं.

तुझा,
ग्लेन


टोलेडो, ओहायो
२ जून १९९६

चि. ग्लेन यास,
लॉर्नाताईचे अ. उ. आ.

तुझं प्रवचन पोचलं. जपानी लोकांनाही स्वतःचा इतका अभिमान नसेल जेवढा तुला त्यांचा आहे. तिथलं कुत्रंसुद्धा भुंकायच्या आधी परवानगी मागत असेल.

आमचं काही चांगलं नाही, कबूल. परवा यंत्रापाशी बेथनीच्या केसातली पिन वाजली, तर दोन माणसांनी तिचं दप्तर भर व्हरांड्यात उलटं केलं. पोरगी घरी येऊन जेवली नाही. मी तुला फोन करणारच होते, की ठेव बाबा हिला तुझ्या देवळात.

तेवढ्यात तुझा फोटो आला. मी फूल पाहिलं, म्हटलं छान आहे. बेथनीने फूल पाहिलंच नाही. ती म्हणाली, सगळ्यांची बाकं एकमेकांना चिकटलेली आहेत, मग हिच्याच बाकाशी हातभर फट का? तिच्याशी कुणी बोलतं का, ते मामाला विचार. मला वाटलं, आता तूच सांगशील. तू तर तिथला तज्ज्ञ.

तुझ्या उत्तरावर तिचं येणं ठरेल. खरं लिही, छान नको. जेवत जा. राग मानू नकोस आणि मानलास तरी पत्र पाठव.

तुझी,
लॉर्नाताई


तोत्तोरी
२९ जून १९९६

ति. ताईस,
सा. न.

तुझ्या तज्ज्ञाने अखेर चौकशी केली. वर्गशिक्षक हामागुचीसरांना विचारलं. त्यांनी दातांतून लांब श्वास ओढला, मला चहा ओतला आणि सांगितलं की एखादा विद्यार्थी वारला तर त्याच्या बाकावर पांढरं फूल ठेवतात. मिझुहोला वर्गाने एप्रिलात, शाळेचं नवं वर्ष सुरू होतानाच, मेलेली ठरवलं आहे. मी म्हटलं, मग तुम्ही काय केलंत? ते म्हणाले, पोरीची तक्रार नाही, आणि वर्गाची एकी उत्तम आहे.

त्या एकीला मी टाळ्या वाजवून घेतल्या, ताई. जिवंत पोरीच्या मयताला. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नव्हती, आणि मला वाटलं होतं ती आजारी असेल. मला स्वतःची किळस आली.

मी तिच्या घरी गेलो. तिच्या आईनेच दारात वाकून माझी माफी मागितली, मुलीमुळे शाळेला त्रास झाला म्हणून. मी मिझुहोला सांगितलं की मला कळलं नव्हतं, आता कळलं आहे. सोमवारी ती शाळेत आली. बाकावर फूल होतंच. मी बाटली उचलून माझ्या टेबलावर ठेवली आणि शिकवायला लागलो. झालं, मीही मेलो. वर्गात कुणी उत्तर देईना, कुणी मान वर करीना. रोज मला ताजं फूल मात्र मिळायचं, टापटिपीत कसूर नाही.

काल मिझुहो उठली, पुढे आली, बाटलीतलं फूल काढून तिने कचऱ्याच्या डब्यात टाकलं. मग मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सर, हे मेलेल्यांसाठी असतं. तुम्ही अजून शिकवताय."

मला वर्गासमोर रडू आलं. दुपारी मी माझी खुर्ची तिच्या बाकाला लावून जेवलो. बाकीची बाकं होती तिथेच राहिली.

बेथनीला पाठव म्हणायला आता मला तोंड नाही. इथेही मारतात, फक्त आवाज होत नाही. मूर्खावरही लोभ करता येत असेल तर करावा.

तुझा,
ग्लेन


टोलेडो
१६ जुलै १९९६

चि. ग्लेन यास,
आ.

तू मूर्ख आहेस हे आईने तू चार वर्षांचा असतानाच सांगितलं होतं. त्यासाठी जपानला जायची गरज नव्हती. पण तुझं हे पत्र मी दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना मला तुझा अभिमान वाटला. पुन्हा लिहिणार नाही.

तुझ्या भाओजींनी आणि मी रात्रभर वाद घातला. इथे पोरीला कुणी गोळी घालेल ही भीती, तिथे कुणी फूल देईल ही. शेवटी बेथनीनेच निकाल लावला. तिला जपानची संस्कृती वगैरे काही बघायची नाही. सप्टेंबरमध्ये ती येते आहे, तिला कोणत्या वर्गात घालायचं हे मात्र तिने स्वतः ठरवलं आहे. मिझुहोच्या बाकाला चिकटवून एक बाक मांडून ठेव म्हणाली, मधे फट नको.

तुझी,
लॉर्नाताई