आईचं लोह वाढलं

मंगळवार संध्याकाळ, दिवा

दुपारी ऑफिसात आईचा फोन. "रिपोर्ट आला गं. डॉक्टर म्हणाल्या, लोह वाढलंय." मी निश्चिंत. घरी येऊन बघते तर फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, जवळजवळ नाहीच!

"आई, हे तर संपलंय."

"संपलं म्हणू नये. वाढलं म्हणावं."

अरे देवा. तांदळाचा डबा रिकामा झाला तरी ही "तांदूळ वाढले"च म्हणते. पण रक्तालाही तेच?

आणि हिमोग्लोबिन मात्र ठीक! डॉक्टरांना फोन करून विचारलं. म्हणाल्या, शरीर आधी साठ्यातलं लोह काढून रक्ताला पुरवतं, रक्तात कमी पडतं ते शेवटी. म्हणजे डबा खरवडायचा, पण कुणाच्या ताटात कमी पडू द्यायचं नाही. हे तिच्या रक्ताला कुणी शिकवलं? एवढ्याशा नळीत आईचा अख्खा स्वभाव निघाला.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून हाक आली, "तू जेवून घे, मी बसते मागाहून."

उठले. आधी तिचं ताट वाढलं. खरंखुरं वाढलं.