निरगाठ

३ जुलै १९५७, बुधवार. वेल्हे

पोचले एकदाची, आणि चक्क मजेत पोचले. नसरापूरपर्यंत एसटीनं, तिथून पुढे समितीच्या ओळखीच्या लॉरीत ड्रायव्हरशेजारी. शिवणयंत्र मागे पेंढ्यात निजवलं होतं. तोरणा ढगात बुडालेला, खाचरांत भाताच्या आवणाची गडबड, हवा अशी की पुण्याच्या पेठेतल्या माणसाला फुकट मिळते यावर विश्वास बसू नये.

फ्ल्यूच्या साथीसाठी आमच्या मदत समितीनं मला महिनाभर इथे धाडलं आहे. गावातल्या बायकांकडून कापडी मुखपट्ट्या शिवून घ्यायच्या, उकळून निर्जंतुक करायच्या आणि तीनशे पट्ट्या वाटायच्या. अध्यक्षबाईंना स्वतःच्या झंपराला बटण लावता येत नाही, पण परिपत्रक चार पानी काढलं आहे. काम नीट झालं तर समितीचा कायमचा शिवणवर्ग निघेल आणि मी त्याची प्रमुख. मग मी शिकवते त्या शाळेतल्या मुख्याध्यापिकेच्या टेबलावर राजीनामा टाकताना तिचं तोंड बघण्यासारखं होईल. त्यासाठी महिनाभर चिखल तुडवायची माझी तयारी आहे.

राहायला आणि कामाला भाताचं एक रिकामं गोदाम मिळालं. पुढे ओटा, आत एकच लांब खोली, दोन खिडक्या, त्यांना नुसते गज. हाताशी कुंडलिक नावाचा गडी आहे. त्याला एक गोष्ट तीनदा सांगावी लागते आणि चौथ्यांदा तो ती मलाच समजावून सांगतो.

५ जुलै, शुक्रवार

काम सुरू. शिवायला दोघीच आल्या. धोंडाबाई ही साठीची, आणि रतनबाई ही तिची सून, विशीची. सुनेचा हात फार चांगला आहे. पायमशीन तिनं एका दुपारीत काबीज केलं. तिला स्वतःचं मशीन हवंय. प्रमाणपत्र देईन म्हटल्यावर तिचे डोळेच चमकले. एवढ्या मुलुखात शहाणी म्हणावी अशी ही एकच.

रीत सोपी आहे. मांजरपाटाचे तीन पदर, तीन चुण्या, चार बंद. मग सोडा घालून हंड्यात वीस मिनिटं उकळायचं, वाळवायचं, कोळशाच्या इस्त्रीनं कडक करायचं. पण गावात बातमी काय पसरली? तर पुण्याची बाई माणसांना मुसकी बांधायला आलीय, मळणीच्या बैलांना बांधतात तशी. यांना बैल आणि आपण यांतला फरक मुसक्यापुरताच कळतो असं दिसतं.

बंद बांधायचं तर त्याहून हसू. सगळे सुरगाठ मारतात आणि तंबाखू थुंकायची झाली की ओढून पट्टी खाली. मी आता स्वतःच्या हातानं मागे निरगाठ मारते, दुहेरी. घरी जाऊन सोडत बसा म्हणावं.

८ जुलै, सोमवार

ओट्यावर रोज एक म्हातारा येऊन बसतो. रायबा, धोंडाबाईचा दीर. दमेकरी. मशीन बघत बसतो आणि सगळा वेळ त्याचा भाता चाललेला असतो: दोन आखूड श्वास, मग एक लांब, शिट्टी वाजवत. दोन आखूड, एक लांब. टीप घालताना माझा पाय आपोआप त्या तालावर पडू लागला, इतका वैताग.

आज तो सगळ्यांसमोर म्हणाला, "बाई, मला न्हाई जमायचं मुसकं. माझा दम आदीच उसना हाय." पट्ट्या घ्यायला आलेल्या बायका हसल्या. मीही हसले, आणि उठून त्याच्या तोंडावर पट्टी बांधली. निरगाठ. दिवे लागेपर्यंत काढायची नाही असं बजावलं. त्यानं दोनदा मागे हात नेला, पण बोटं वळलेली, त्यांना काय गाठ सुटणार? धोंडाबाई माझ्याकडे बघत राहिली. एकाला वठणीवर आणलं की दहा सुधारतात, हा माझा शाळेतला अनुभव आहे.

१० जुलै, बुधवार

रायबा आज पहाटे गेला. परवा संध्याकाळी धोंडाबाईनं विळ्यानं बंद कापले म्हणे, पण त्याला लागलेली धाप काही उतरली नाही. दमेकरी माणूस, बाहेर साथ, वय झालेलं. कुंडलिक माझ्याकडे असा बघतो जणू म्हाताऱ्याला मीच विहिरीत ढकललं. मी त्याला दोन हंडे जास्त भरायला लावले.

खरी अडचण वेगळीच आहे. कापड संपलंय. भोरहून निघालेली गाठोडी कामथडीलाच अडकली, पुढच्या ओढ्यांना पाणी आहे. एकशे चाळीस पट्ट्या झाल्या, एकशे साठ बाकी. आणि येत्या बुधवारी अध्यक्षबाई पाहणीला येणार. पाणी त्यांना बरं अडवत नाही!

११ जुलै, गुरुवार

कापड मिळालं. नदीकडे गेले होते. मसणवटीच्या वर करवंदीच्या जाळीवर कोऱ्या मांजरपाटाचे सात-आठ तुकडे वाऱ्यावर फडफडत होते. इथली चाल अशी की माणूस गेला की प्रत्येक पाहुणा एक कापड आणून त्याच्या अंगावर, तोंडावरून पांघरतो. चितेवर चढवताना ती उतरवतात आणि जाळीवर टाकून देतात. मग ती चिंध्या होईपर्यंत कुणी शिवत नाही. ढुंगणाला धड धोतर नाही आणि कोरं कापड काट्यांवर! कुंडलिक हात लावेना. मीच छत्रीच्या दांड्यानं सगळे तुकडे ओढून काढले.

संध्याकाळी धोंडाबाई आली. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. म्हणाली, "त्ये तोंडावरचं कापड हाय, बाई. त्यात मानसाचा शेवटचा दम आडकतुय. वारं लागलं तरच सुटतुय. अवसेपतुर वाऱ्याव ऱ्हाऊ द्या." आणखी म्हणाली की ज्याच्या हातानं ते जाळीवरून निघालं त्याच्याच हातानं ते सुटतं, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. मी तिला जंतू म्हणजे काय ते समजावलं. वीस मिनिटांच्या उकळीत जंतू मरतात, तिथे दम कुठला टिकतो? ती गेली. सून मात्र थांबली. प्रमाणपत्र मोठं की सासू, एवढं तिला कळतं.

१२ जुलै, शुक्रवार

रात्रीच्या वाऱ्यानं वाळत घातलेल्या पट्ट्यांवर धूळ आणि पावसाचे शिंतोडे. परिपत्रकात 'धूळरहित जागी' असं स्पष्ट लिहिलंय. कुंडलिककडून दोन्ही खिडक्यांवर फळ्या ठोकून घेतल्या, चांगले बोटभर खिळे. तो ठोकताना पुटपुटत होता की आता वारं कुठून यायचं. वारा नको म्हणूनच ठोकतोय, हे तिसऱ्यांदा सांगितलं.

नव्या कापडाच्या साठ पट्ट्या उकळून दोरीवर टाकल्या. दार लावून घेतलं. चूल चालू. खोली भट्टीसारखी झाली आहे.

१३ जुलै, शनिवार

जुन्या पट्ट्या खडखडीत वाळल्या. नव्या मधोमध ओल्या, तोंडाशी येतो तेवढाच गोल. इस्त्री फिरवली, चर्र झालं, कोरडं झालं. घडी घालेपर्यंत पुन्हा ओलं, म्हणून पुन्हा दोरीवर. आणि हाताला कोमट. भोरच्या कुणा दुकानदारानं पाहुण्यांना खळीचं, हलकं कापड गळ्यात मारलं असणार. मेल्याच्या कापडातही लबाडी करतात.

दुपारी जेवणानंतर दोरीकडे सहज पाहिलं. दार बंद, खिडक्या बंद, चुलीचा धूर सरळ वर जात होता. आणि साठच्या साठ पट्ट्या मधून आत ओढल्या जात होत्या. मग फुगत होत्या. एकदम, सगळ्या एका वेळी. उष्ण हवेनं होतं असं. चुलीवरचा कागदसुद्धा हलतो.

रतनबाईनं मशीन थांबवलं होतं. तिला म्हटलं, टीप घाल.

१४ जुलै, रविवार

आज शिकायला म्हणून बोलावलेल्या बायका ओट्यापर्यंत आल्या, 'रायबाचं कापड' एवढं म्हणाल्या आणि पळाल्या. बुधवारी अध्यक्षबाईंना मी काय दाखवू? कुणी पट्ट्या घालायला तयार नसेल तर वर्ग गेला, जागा गेली, आणि ती मुख्याध्यापिका पुन्हा आयुष्यभर.

मी ठरवलंय. उद्यापासून मी स्वतः याच कापडाची पट्टी बांधणार. रतनबाईही. गावानं बघावं.

दुपारी दोरीचा आवाज ऐकला. दोरीचाच असेल. दोन आखूड, एक लांब. मला त्या म्हाताऱ्याची सवय झाली होती, कानात राहिलंय ते.

१५ जुलै, सोमवार

सकाळी रतनबाईला मी बांधली, मला तिनं. दोघींना निरगाठ. आम्ही दोघी गावातून देवळापर्यंत चालत गेलो आणि परत आलो. लोक दारांतून बघत होते. मी ताठ चालले.

कापड ओठांना चिकटतं. आपण श्वास घ्यायच्या आत ते घेतं. हे लिहायला नको होतं, पण तसं होतं खरं.

चारच्या सुमारास रतनबाई मशीनवर वाकली. वाटलं, सुई बघतेय. मग ऐकलं. तरणीताठी पोरगी, छातीत कधी खोकला नाही — दोन आखूड. एक लांब, शिट्टी वाजवत. घरी पाठवलं. उद्या सकाळपर्यंत पट्टी काढायची नाही म्हणून बजावलं. का बजावलं, कोण जाणे. बजावायची सवय.

जेवताना माझी खाली ओढली. गाठ सुटली नाही. सकाळी कापीन.

१६ जुलै, मंगळवार, सकाळ

पट्टी आता खाली सरकत नाही. गालात रुतलीय. कात्री काढायला पेटी उघडली तेवढ्यात कुंडलिक धावत आला. रतनबाई निळी पडलीय. गाठ सुटत नाही आणि घरातलं कुणी त्या कापडाला हात लावत नाही. मीच यायला हवं म्हणे, माझ्या हातानं निघालं होतं ना. पोरगी मरतेय आणि यांच्या चाली! पण मी धावले. कात्री घेऊन, चप्पल न घालता धावले.

मंगळवार, दुपार

थोडक्यात लिहिते. दम पुरत नाही.

धोंडाबाईनं तिला घरामागच्या टेकाडावर नेऊन निजवलं होतं. वर सोसाट्याचा वारा. अर्धं गाव उभं. मी बंद कापले. कापड तोंडापासून सुटेना, ओढून काढलं, आतून ओलं, कोमट. वाऱ्यानं ते माझ्या हातातून नेलं आणि ते जाताना — मी ऐकलं — लांब श्वास सोडला त्यानं. रतनबाईनं हंबरडा फोडावा तशी हवा आत घेतली. जगली ती. मला रडू आलं. कुणाला दिसलं नाही, पट्टी होती.

मग धोंडाबाई माझ्याजवळ आली. दिराला मी मारलं असं ती म्हणेल वाटलं. ती म्हणाली, "बाई, तुमचंबी हितंच कापा. वारं हाय तवर." तिनं हात जोडले. खरंच जोडले.

सगळ्या बायका बघत होत्या. त्याच, पळालेल्या. त्यांच्यासमोर मी माझी पट्टी भीतीनं कापायची? मी म्हटलं, मला काही होत नाही, माझी मी घरी जाऊन काढीन. आणि ताठ चालत उतरले.

कात्री तिथेच गवतात राहिली.

मंगळवार, तीन वाजता

विळीवर मान टेकवून बघितलं. बंद ओले, ताणलेले, केसांत गेलेत. बोट कापलं. गाठ मागे आहे. बोटं वळत नाहीत, अशी मुडपलीत — त्याची होती तशी.

कुंडलिकला हाका मारल्या. आवाज पट्टीच्या बाहेर जात नाही.

फळ्या उपटाव्यात तर बोटभर खिळे. मीच सांगितलं होतं, बोटभर —

ओट्यावर आले. इथे लागेल वारा. इथेच बसायचा तो.

वारा पडलाय.

आषाढात, वेल्ह्यात, पान हलत नाही. पाऊस थांबलाय. टेकाडावरचं गवतसुद्धा उभंच्या उभं. दूर धोंडाबाई येताना दिसते. धावतेय, हातात काहीतरी चमकतंय. केवढी म्हातारी, कशी धावतेय. पण तिनं हात लावून चालत नाही. माझ्याच हातानं — आणि माझी बोटं —

मागे खोलीत दोरी हलतेय. सगळ्या. एकदम.

मी सांगितलं असतं तिला की माझं चुकलं. त्या दिवशी तो म्हणाला होता, उसना आहे, आणि मी हसले — हे सांगायचं होतं. पण लांब श्वास मला येत नाही. तो हे कापडच घेतं. मला आखूडच —

दोन आखूड. एक

दोन आखूड —

दोन