बाबांच्या जेवणाबाबत खुलासा

ती. सौ. ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (दिवसभर शिकाऊ लोकांच्या शेजारी गाडीत बसून कंबर धरली आहे, त्यामुळे नमस्कार तुझ्या गुडघ्यापर्यंतच पोचला असं समज.) तुझी टाचदुखी कशी आहे? भाऊजींचा खोकला गेला, की ते अजून त्याचे लाड करत बसलेत? थोरल्या भाचीला सांग, गाडी शिकायची तर मामाकडेच शीक, बापाकडे शिकलीस तर घरात दोघांचा अबोला होईल. इकडे सर्व क्षेम. अगदी खरोखरीचं क्षेम. हे ठासून लिहायचं कारण तुला ठाऊक आहे. परवा फोनवर बाबांचा चेहरा बघितलास आणि लगेच मला निराळा निरोप धाडलास की त्यांची गालफडं बसली आहेत, तू त्यांना काय खायला घालतोस देव जाणे, मी महिनाअखेरीस येऊन त्यांना घेऊन जाते. ताई, बाबांनी फोन हनुवटीखाली धरला होता. त्या कोनातून भाऊजीसुद्धा उपाशी दिसतील. उत्तर फोनवरच दिलं असतं, पण बाबा माझा फोन उचलून त्यातले ऱ्हस्वदीर्घ तपासतात. (छापखान्यातून निवृत्त झाले तरी मुद्रितं तपासायची सवय सुटलेली नाही. गेल्या वर्षी त्यांनी पाणीपुरवठ्याच्या नोटिशीत लाल पेन्सिलीनं सात चुका काढल्या आणि ती परत पाठवली.) म्हणून हे पत्र. ते वाचल्यावर फाडून टाक.

तर जेवणाचं. आई गेल्यावर काही दिवस शेजारपाजारचे डबे आले, मग थांबले, आणि एका संध्याकाळी आम्ही दोघं बापलेक बंद गॅसकडे बघत उभे राहिलो. तेव्हाच मी स्वयंपाकाची सूत्रं हाती घेतली. लोक उगीच याचा बाऊ करतात. जो माणूस चौकात बंद पडलेल्या गाडीत, मागे भोंगे वाजत असताना, रडवेल्या शिकाऊ बाईंकडून हसतमुखानं गिअर बदलून घेतो, त्याला एका पातेल्यानं काय घाबरवायचं? मी माझी स्वतःची पद्धत काढली. घरी आल्या आल्या बूट काढायच्या आधी पातेलं गॅसवर. त्यात तेल, कांदा, घरात असेल ती भाजी, बटाटा, भिजवायला आठवलं असेल तर घेवड्याचे दाणे, नाहीतर अंडी, आणि तांदूळ. सगळं एकदम. वर झाकण. झाकण उघडून सारखं आत बघायचं नाही. (नवशिके असेच दर क्षणाला आरशात बघतात आणि समोरच्या खांबावर जातात.) मी हातपाय धुऊन येईपर्यंत जेवण तयार. त्याला नाव नाही. बाबांनी पहिल्या दिवशी विचारलं होतं, ‘हे काय आहे?’ मी म्हटलं, रात्रीचं जेवण. ते ‘बरं’ म्हणाले आणि चार घास चिवडून उठले.

आता बाबांना भूकच राहिली नव्हती, हे तुलाही माहीत आहे. संध्याकाळ झाली की खुर्ची खिडकीकडे वळवून बसायचे. वाचायचे नाहीत, रेडिओ लावायचे नाहीत. मी नाना प्रकार केले. एकदा कोबी करपला, एकदा टोमॅटो इतके पडले की भात लाल रंगाच्या डबक्यात बसला, एकदा मिरपुडीच्या डबीचं झाकणच आत गेलं. (ते सापडलं. बाबांच्या ताटात.) पण त्यांनी कशालाच नाव ठेवलं नाही. ज्या माणसानं पाणीपुरवठ्याला सोडलं नाही, तो माझ्या कोबीला काही बोलेना! तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. हे तुला फोनवर सांगितलं नव्हतं.

मग समोरच्या घरातला वायरमन पडला. हा गृहस्थ आयुष्यभर विजेच्या खांबांवर माकडासारखा चढला, एक ओरखडा नाही, आणि घरात बल्ब बदलताना स्टुलावरून पडून पाय मोडून घेतला. त्याची बायको नर्स आहे. ती इस्पितळातून दमून घरी येणार, हा प्लास्टरमधला पाय घेऊन बसलेला, रांधणार कोण? मी जिन्यातच जाहीर केलं की पाय बरा होईपर्यंत संध्याकाळचं जेवण माझ्याकडून. नर्सबाई नको नको म्हणाल्या. मी ऐकलं नाही. पातेलं पोचवायचं काम बाबांवर टाकलं, तेवढेच खुर्चीतून उठतील म्हणून.

आणि ताई, चमत्कार झाला. पहिल्या दिवशी बाबा पातेलं देऊन लगेच आले. दुसऱ्या दिवशी जरा वेळानं. पुढच्या आठवड्यात तर माझी भांडी घासून झाली, ओटा पुसून झाला, तरी यांचा पत्ता नाही. येताना गुणगुणत यायचे. घरी जेवायचे नाहीत, ‘तिकडेच दोन घास घेतले’ म्हणायचे, पण पट्टा एक भोक सैल झाला होता. तिकडे नर्सबाई मला जिन्यात भेटल्या की भरभरून बोलायच्या. काय चव आहे, बटाटा कसा लोण्यासारखा, लसणीचा खमंगपणा कसा बेताचा. मी विनयानं मान झुकवायचो. (लसूण मी घातल्याचं मला आठवत नव्हतं, पण हातालाच वळण असतं एकेकाच्या.) गाडी शिकवता शिकवता मी विद्यार्थ्यांना पाककृती सांगायला लागलो. एका बाईंनी ती करून पाहिली आणि दुसऱ्या दिवसापासून त्या शिकायलाच आल्या नाहीत. त्यांच्या हाताला ते वळण नसावं असं मी धरून चाललो.

पंधरा दिवसांमागे एका मंगळवारी मात्र पातेलं रवाना झाल्यावर लक्षात आलं की आज मीठच राहिलं. मी मिठाची बरणी घेऊन समोर धावलो. दार लोटलेलं होतं. आत स्वयंपाकघरात वायरमन मोडका पाय एका खुर्चीवर ठेवून दुसऱ्या खुर्चीत लसूण सोलत बसला होता. आणि शेगडीपुढे कोण उभं असावं? आपले बाबा. अंगावर नर्सबाईंचा फुलाफुलांचा एप्रन, चष्मा कपाळावर, हातात चमचा.

‘काका, आज काय काय निघालंय?’ वायरमननं विचारलं.

बाबांनी चाखून पाहिलं. ‘मीठ गाळलंय. बटाटा अर्धा कच्चा. कांदा परतलेलाच नाही, नुसता घाबरवलाय. पण वाचेल. ती दुसरी कढई तापव.’

‘तापव कसलं, मला उठता कुठं येतंय?’

‘मग लसूण तरी बारीक कर. ही म्हणायची, जाड लसूण म्हणजे आळशी बाई.’

ही म्हणजे आई. ताई, तुला आठवतं का, बाबा मुद्रितं घरी आणायचे तेव्हा ती कुठे बसून तपासायचे? स्वयंपाकघरात. आई ढवळता ढवळता मूळ मजकूर मोठ्यानं वाचायची आणि बाबा टेबलावर चुका काढायचे. मधूनच ती म्हणायची, थांबा, आता टोमॅटो घालते, आणि पुढचं वाक्य सुरू. त्या माणसानं आयुष्यात कधी चमचा हातात धरला नाही, पण सगळा स्वयंपाक कानानं ऐकलेला होता. मी दाराशी बरणी धरून उभा होतो आणि बाबा आईच्या आवाजातले हेल काढून कांदा परतत होते. दोघं हसत होते.

मग वायरमन म्हणाला, ‘पण काका, मुलाला एकदा सांगून का टाकत नाही?’

बाबा म्हणाले, ‘सांगितलं तर सुधारेल तो. मग मी संध्याकाळी करू काय?’

मी बरणी घेऊन परत आलो. घरी माझ्या वाटचं ताटात वाढून घेतलं आणि जेवलो. तटस्थपणे सांगतो, वाईट नव्हतं. मीठ हवं होतं.

त्या दिवसापासून मी न सुधारण्याचा निश्चय केला आहे. तुला हे सोपं वाटेल, पण उपजत गुण असलेल्या माणसाला स्वतःला आवरणं फार जड जातं. एकदा नजरचुकीनं कांदा नीट परतला गेला, मीठही नेमकं पडलं, बटाटे कसे कोण जाणे शिजले. पातेलं समोर गेलं आणि बाबा उलट पावली परत! ‘आज काही नव्हतंच करण्यासारखं,’ असं म्हणाले आणि खुर्ची खिडकीकडे वळवून बसले. दुसऱ्या दिवशी मी बटाटे न चिरताच आख्खे टाकले. बाबा हातात पातेलं घेऊन जवळजवळ धावत गेले.

तेव्हा काळजी नसावी. बाबा पोटभर जेवतात, आणि त्यात माझा वाटा मोठा आहे. सर्वांना यथायोग्य.

तुझा भाऊ

ता. क. १ : मुख्य गोष्ट लिहायची राहिली. महिनाअखेरीस बाबांना न्यायचा बेत रद्द कर. तुझ्या मायेबद्दल शंका नाही, पण तुझ्या हातचं जेवण आईच्या तोडीचं. त्यात ते काय दुरुस्त करणार? आठवडाभरात खुर्ची तुझ्या खिडकीकडे वळेल. त्यापेक्षा तूच ये, सगळ्यांना घेऊन ये. चार माणसं वाढली की पातेलं मोठं लागेल आणि चुकाही त्या मानानं भरपूर करता येतील.

ता. क. २ : वायरमनचं प्लास्टर चार दिवसांपूर्वीच निघालं. नर्सबाईंनी जिन्यात हळूच सांगितलं की डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, आणि दिवसभर तो घरात ठणठणीत फिरतो, दळणसुद्धा आणलं. पण बाबांची यायची वेळ झाली की लंगडत जाऊन पाय खुर्चीवर ठेवतो आणि कण्हतो. कण्हणं त्याला अजून नीट जमत नाही. तू आलीस की त्याच्या पायाची चौकशी कर, आणि जरा काळजीच्या सुरात कर.