अयोका बरी झाली

९ जानेवारी
आले एकदाची इसेयिनला, सासरी! केवढं अंगण आणि किती माणसं! पोरंटोरंसुद्धा मला ‘ईयावो’, म्हणजे नवरी, अशीच हाक मारतात. उकडलेलं कोनफळ कांडताना उखळीबाहेरच जास्त सांडलं, तर सासूबाई हसून म्हणाल्या, “कोंबड्या जेवल्या, आता आमचं बघ!” लग्नाची सुट्टी संपली, लादिपो लागोसला कामावर परतला. करमेल मला इथे. जाऊबाई अबेकेंची धाकटी अयोका दिवसभर माझ्याच मांडीवर असते.

१७ जानेवारी
अयोकाला ताप आहे. कोरडा, धुळीचा वारा सुटलाय, घरोघरी खोकला. तसंच काहीतरी असेल. मी दवाखान्यातून औषध आणलं. जाऊबाईंनी ते माझ्या हातून घेतलं नाही.

२० जानेवारी
माझ्या हातचं आता कुणी खात नाही. मी विहिरीवर गेले की बायका गप्प होतात. सासूबाईंनी हलकेच विचारलं, तुझी आई कशानं गेली? इथे ‘चेटकीण’ शब्द कुणी उच्चारत नाही. ‘आमच्या आया’ म्हणतात, त्यांना ऐकू जाईल म्हणून. झोपेत त्यांचा जीव पाखरू होऊन उडतो म्हणे.

२४ जानेवारी
चार्ज करते म्हणून सासूबाईंनी नेलेला फोन परत आला नाही. फाटकाबाहेर जाऊ देत नाहीत. अयोका डोळे उघडत नाही. जाऊबाई माझे पाय धरून रडल्या, “बाई गं, तूच पोरीला बांधलंयस, तूच सोड. कबूल कर, कुणी तुला हात लावणार नाही.”
मी नाही म्हटलं.

२५ जानेवारी
केलं कबूल. पोरीकडे बघवेना. सगळ्यांसमोर म्हटलं, मीच तिचं रक्त प्याले, आता सोडते. खोटं. तिच्यासाठी.

२६ जानेवारी
अयोका उठून बसली! मक्याची पेज मागितली. मी आनंदानं धावले—आणि सगळे मागे सरकले.
कालपर्यंत त्यांना नुसता संशय होता.

२८ जानेवारी
दाराला बाहेरून कडी. शेजारच्या आळीतली कुणी बाई आजारी मुलगा घेऊन आली, बाहेरूनच विनवत होती, ह्यालाही सोड. ‘सोडलं’ म्हणाले मी. दुसरं काय म्हणणार?
स्वप्नात छपरं खाली दिसली. खूप खाली—

३० जानेवारी
तो मुलगा गेला.
बाहेर गर्दी. लादिपो आलाय! त्याचा आवाज ऐकला आणि जीव भांड्यात पडला. मग नीट ऐकलं. आईला विचारत होता, हिनं मलाही बांधलंय का—

कडी वाजतेय. मी काही केलं नाही. अयोकाला मी सोडलं—नाही, ती आपोआप—
पण त्या मुलाला? काल झोपेत मी कुठे—