माझ्या हातची माती

२ मार्च

चि. भिंगरीस मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. ताईच्या, म्हणजे तुझ्या आईच्या, विहिरीत थिनर सापडलं म्हणतेस. तुझ्या प्रयोगशाळेची चूक तर नाही ना? बाटली नीट धुतली होतीस ना? लहानपणी तुला कपसुद्धा धड विसळता यायचा नाही.

तिच्या घरामागे कारखान्यांचा कचरा पुरायचा जो मोठा खड्डा आहे, त्याच्या तळाची चिकणमाती मीच रोलरने दाबली. तिला छातीठोक सांगितलं होतं, माझ्या मातीतून थेंब खाली जायचा नाही, विहिरीचं पाणी खुशाल पी. मी दुसरी पास, पण मातीतलं मला कळतं. खरं सांग, मातीतून जातं का गं?

उत्तराकडे डोळे लावून,
मामा

९ मार्च

ती. मामांस सा. न. वि. वि.

बाटली तीनदा धुतली, आणि कपही आता विसळते!

मामा, माती पाणी अडवते हे खरं. पण थिनरसारखे पदार्थ चांगल्या मातीतूनही हळूहळू उतरतात. माती आधी ते शोषून धरते, मग खाली सोडत राहते. तरी एवढ्या जाड थराला तीस-चाळीस वर्षं लागायला हवी होती. इथे बाराच झाली. थराला कुठे भेग होती का?

काळजी आईची आहे. मी टँकर लावून दिला, तर ते पाणी ती झाडांना घालते. म्हणते, माझ्या भावाची माती आहे, तुझ्या काचेच्या नळ्यांना काय कळतंय! वर तुमची थट्टा करते, की मामा येतो तो स्वतःची बाटली घेऊन, म्हणे औषधाचं पाणी, मोठा साहेब लागून गेलाय. तिला तुम्हीच सांगा. माझं ती ऐकायची नाही.

तुमची लाडकी,
भिंगरी

१४ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

भिंगरीला उत्तर लिहायला बसलो होतो, पण तुलाच लिहितो. विहिरीचं पाणी पिऊ नकोस.

चिकणमातीचा थर पुढचा थर पडेपर्यंत ओल्या गोणपाटाखाली ठेवायचा असतो. एका सुट्टीच्या आदल्या दिवशी मी गोणपाट न टाकताच घरी गेलो. परत आलो तर तुझ्या घराकडच्या कोपऱ्यात बोट जाईल एवढ्या भेगा. सगळं उकरून, भिजवून पुन्हा दाबायला हवं होतं. मी वरून पाणी मारलं आणि रोलर फिरवला. गुळगुळीत दिसलं. मुकादमाने पाठसुद्धा थोपटली.

उद्या खड्ड्यावरच्या साहेबाला तो कोपरा दाखवायला जातोय. हाकललं तर हाकलू देत.

आणि ताई, त्या बाटलीत औषध कधीच नव्हतं. माझ्या नळाचं साधं पाणी होतं. बारा वर्षं तुझ्यासमोर बसून मी ते प्यायलो, आणि तू विहिरीचं.

माया असू दे, असं लिहायला हात धजत नाही. पाणी तेवढं पिऊ नकोस.

तुझा,
धाकटा