साहेबाची सोबत

प्रिय खलाशीणबाई,

जहाजाच्या स्वयंपाकघरात कांदे चिरता चिरता हे पत्र उघडू नकोस. हात धू, आपल्या खोलीत जा, दार लाव आणि मग वाच. पुढच्या बंदरात तुझा फोन सुरू झाला की त्यात तुझ्या दादाचे निरोप येऊन पडलेले असतील. ते ऐकायच्या आधी माझं वाच, एवढंच मागणं आहे. म्हणून तर कंपनीच्या ऑफिसातल्या कारकुनाच्या डोक्यावर बसून हे पत्र जहाजाला जाणाऱ्या तुमच्या ईमेल-टपालात घालायला लावते आहे. खारू सुखरूप आहे. हे आधीच सांगते, नाहीतर लेकीच्या काळजीने तू मधल्या ओळी गाळत शेवटाकडे धावशील.

मी जन्माची संशयी, असं तू शाळेपासून म्हणत आलीस. तुझा डबा कोणी खाल्ला हे शोधायला मी अख्ख्या वर्गाची तोंडं हुंगली होती, ते तू लोकांना अजून रंगवून सांगतेस. जनावरांची डॉक्टर झाल्यावर तोच स्वभाव पोटापाण्याच्या कामी आला. माझा पेशंट बोलत नाही, आणि त्याच्या वतीने जे बोलतात त्यांच्यावर मी लगेच विश्वास ठेवत नाही. कालपासूनच जेवत नाही हो, असं जो काकुळतीने सांगतो, त्याचा कुत्रा आठवडाभर उपाशी निघतो. तेव्हा पुढचं वाचताना, हिला सवयच आहे, असं तुला वाटणार. मलाही बरेच दिवस तसंच वाटत होतं.

दादाकडचा तो कुत्रा तुला माहीत आहेच. त्याचा थाट बघून मी त्याला साहेब म्हणते. वहिनी त्याला वेळेवर आणतात, लस कधी चुकवत नाहीत, नखं कापलेली, अंगावरचे केस नुसते चमकत असतात. तू खारूला त्यांच्याकडे ठेवून जहाजावर गेल्यापासून साहेबाचा पट्टा धरायला खारू यायला लागली. एकदा मी त्याला टेबलावर घेऊन तपासत होते आणि खारूने पलीकडून त्याचं डोकं धरलं होतं. मला कान पिकल्याचा वास आला. हा वास मी झोपेतही ओळखेन. मी साहेबाचा एक कान पाहिला, दुसरा पाहिला. दोन्ही लख्ख. पुन्हा वाकले, पुन्हा तोच वास. मग माझं लक्ष खारूकडे गेलं. कानावरचे केस बाजूला करायला गेले तशी ती झटकन मागे सरली. वहिनी हसत म्हणाल्या, अहो, पोहायला जाते ना, पाणी गेलं असेल. माझ्या मनात पाल चुकचुकली. कारण तुझी लेक पाण्याला किती घाबरते हे मला माहीत आहे. तिला अंघोळ घालताना आपण दोघी भिजायचो.

मग मी लबाडी सुरू केली. साहेबाला काही झालेलं नसताना मी त्याला परत परत बोलावू लागले. वजन बघू, पोटाला हात लावून बघू, ही गोळी माझ्यासमोरच दिलेली बरी. साहेबाचं काम म्हटल्यावर वहिनी हजर, आणि त्यांच्याबरोबर खारू. दर वेळी मी बघत राहायचे. सँडलचा मागचा पट्टा मोडून टाचेखाली दाबलेला, कारण पाय मावत नव्हता. मागच्या खेपेचा खोकला अजून तसाच. केसांचा मागे गुंता झालेला आणि वरून फक्त पुढची बट नीट विंचरलेली. कुत्र्यांच्या बिस्किटांच्या बरणीतून ती एक बिस्कीट साहेबाला द्यायची आणि एक स्वतःच्या खिशात टाकायची. साहेबासाठी घरी नेत असेल, असं मी मनाला समजावलं. एके दिवशी तिने पाठ फिरवून ते तोंडात टाकलं. मी माझ्या डब्यातलं उकडलेलं अंडं आणि पाव तिच्यापुढे ठेवला, तर हाताचं कुंपण करून तिने ते इतक्या घाईने संपवलं की मला बघवेना. वहिनी म्हणाल्या, घरी नखरे करते, बाहेर दिसलं की तुटून पडते. मी कानाच्या डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला. त्यांनी तो गोड हसून पर्समध्ये टाकला. पुढच्या खेपेला तोच वास.

दादाला फोन केला. त्याने अगं हो, हो, करून विषय साहेबाच्या खाण्यावर नेला. कुठेतरी पाणी मुरतंय याची तेव्हा खात्रीच पटली. मग लस द्यायच्या निमित्ताने मी घरीच जाऊन थडकले. साहेबाची गादी खिडकीपाशी, उबेत. खारूचं अंथरूण कुठे म्हणून विचारलं, तर वहिनी म्हणाल्या की ती कुठेही झोपते, तिला आवडतं. तिच्या गळ्यात दोरीला दाराची किल्ली होती. वहिनी अगदी कौतुकाने सांगत होत्या की आता आम्हाला निवांत बाहेर पडता येतं. साहेबाला एकटं ठेवलं की तो रडतो, पण ही असली की त्याला सोबत होते. मी चहा तसाच टाकून उठले.

आता जे लिहिते ते वाचून तुझ्या नाकाला मिरच्या झोंबतील. त्या दिवशी मला तुझाही संशय आला. बंदरातून तू व्हिडिओ कॉल करतेस आणि कौतुकाने त्याचं रेकॉर्डिंग मला पाठवतेस; त्यात खारू सोफ्याच्या त्याच कोपऱ्यात, त्याच पिवळ्या फ्रॉकमध्ये बसलेली असते, हे तुला कधी खटकलं नाही? ती बोलताना आधी मामाकडे बघते, हे दिसलं नाही? तिचे बाबा गेल्यावर तू एकटीने सगळं ओढलंस, दादावर टाकल्याशिवाय तुला गत्यंतर नव्हतं, हे मी जाणते. तरी कळूनही तू डोळ्यांवर कातडं ओढून घेतलंस की काय, हा विचार मला सोडत नव्हता. आज मी तो सोडला आहे. का, ते शेवटी सांगते.

शनिवारी सकाळी दवाखान्यात फोन वाजला. पलीकडे खारू. साहेब ओकतोय मावशी, येशील का? मामा-मामी कुठे आहेत विचारलं, तर म्हणे कालच गेलेत, उद्या येतील. फ्रिजवर एकच नंबर चिकटवलेला होता, माझा, साहेबासाठी. मी गेले तेव्हा साहेब शेपटी हलवत होता. खारू तापाने फणफणली होती आणि जमिनीवरची स्वतःचीच ओकारी पुसत होती, मामी ओरडेल म्हणून. मी तिला उचललं. किती हलकी झाली आहे गं ती! सरळ मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. कानाचा पडदा फाटलाय. त्यांनी वजन केलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, हे कळवावं लागेल. मी म्हटलं, फोन इकडे द्या, मीच कळवते. आणि बालकल्याण कार्यालयाला मी माझं नाव सांगून सगळं सांगितलं.

तेव्हा दादा तुला म्हणेल की मी घर फोडलं, तर हो, मीच कळवलं. त्याच्यावर चौकशी बसली आहे आणि तू येईपर्यंत कार्यालयाने खारूला माझ्या जबाबदारीवर माझ्याकडे ठेवलं आहे. औषध चालू आहे, ताप उतरलाय, ती जेवते आहे. कार्यालयातल्या बाई तुलाही विचारतील की तुला माहीत होतं का. त्यांनी खारूला तेच विचारलं, आईला ठाऊक होतं का, तेव्हा ती म्हणाली, आईला सांगायचं नसतं. सांगितलं तर आई काम सोडून येईल आणि मग माझ्यामुळे सगळ्यांचे हाल होतील, मामाने सांगितलंय. तुझ्यापासून तिने हे इतके महिने लपवलं, ते तुला वाचवायला. मी मात्र तुझ्यावर संशय घेत बसले होते. काल, आई बंदराला लागली की तिला फोन लावू या म्हटलं, तर टेबलाखाली जाऊन बसली. तू रागावशील म्हणून घाबरते. हे पत्र मी दादाची तक्रार करायला लिहिलेलं नाही, त्यासाठी कार्यालय आहे. पुढच्या बंदरात उतर आणि मिळेल त्या वाटेने ये. आणि दारात तिला बघून रडू नकोस, मामाचं नाव काढू नकोस, कान बघायला धावू नकोस. आधी तिला सांग की तू बोललीस ते चांगलं केलंस. हे तिला मी रोज सांगते, पण ते तुझ्या तोंडून ऐकल्याशिवाय तिला खरं वाटणार नाही.

तू कितीही रागावलीस तरी तुझीच,
संशयी मैत्रीण